समावर्तन

गेल्या माघातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून आम्ही घरची मंडळी ओटीवर बसलो होतो. पेठकिल्ल्याच्या बाजूने समुद्राची गाज ऐकू येत होती आणि परसातल्या हापूसच्या मोहोराचा वास घरभर पसरला होता. इतक्यात जर्मनीतील ग्योटिंगेन या गावाहून माझ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. हा माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा. चार वर्षांपूर्वी तो गणिताच्या अध्ययनासाठी तिकडे गेला आणि आता पंडितपदवी संपादून परत यावयास निघाला होता. पहिलेच वाक्य तो बोलला ते असे : "काका, आता सतराच दिवस उरले."

परदेशातल्या विद्यार्थ्याचे हे शेवटचे दिवस कसे असतात, हे मला त्याच्याच तोंडून प्रथम कळले. खोली सोडावयाची म्हणजे नुसते कुलूप लावून निघावयाचे नाही. ती धुऊनपुसून, भिंतीस खिळ्यांची भोके पडली असतील तर ती बुजवून, मालकास दाखवावी लागते, तेव्हा अनामत रक्कम परत मिळते. नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आपण हे गाव सोडून चाललो अशी नोंद करावी लागते. ग्रंथालयाची पुस्तके एकेक करून परत जातात आणि मेजावर पूर्वी कधी न दिसलेली मोकळी जागा दिसू लागते. सायकल नव्याने आलेल्या कोणा मुलास देऊन टाकावयाची. तवा, पोळपाट, कुकर ही जी संपत्ती आईने डोळ्यांत पाणी आणून बरोबर दिलेली असते, ती तशीच पुढच्याच्या स्वाधीन करावयाची. विमानात प्रत्येकी तेवीस किलोंच्या दोन पेट्या नेता येतात. तेव्हा रोज रात्री काट्यावर पेटी ठेवून, कोणते पुस्तक न्यावे आणि कोणते मागे ठेवावे, याचा निवाडा चालतो. तो म्हणाला, "काका, चार वर्षांत जे मिळाले त्याचे वजन काट्यावर दिसत नाही, आणि जे दिसते ते सगळे टाकून द्यावे लागते."

त्या गावची एक गंमतीची रूढी त्याने सांगितली. जुन्या नगरगृहासमोरील चौकात एक कारंजे असून त्यावर कलहंस सांभाळणाऱ्या एका मुलीची मूर्ती १९०१ साली बसविलेली आहे. तेथील विद्यापीठाची पंडितपदवी ज्यास मिळते, त्यास त्याचे स्नेही सजविलेल्या गाड्यावर बसवून वाजतगाजत तेथे नेतात. मग त्याने कारंज्यावर चढून त्या मूर्तीस पुष्पगुच्छ अर्पण करावयाचा आणि तिचे चुंबन घ्यावयाचे. आमच्या मातोश्रींना हा वृत्तांत निवेदन करताना मी 'फुले वाहिली' एवढ्यावरच थांबलो, हे वाचकांस सांगावयास नकोच.

याच बोलण्यात तो सहज म्हणाला, "माझ्याबरोबर माझा एक मित्र येतो आहे. आपल्याच जिल्ह्यातला, मंडणगडाकडचा. रसायनशास्त्रात त्याने माझ्याबरोबरच पदवी घेतली. चार दिवस आपल्याकडे राहील आणि मग शिमग्याला आपल्या गावी जाईल."

त्यावर मी विचारले, "त्याचे आडनाव काय?"

पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. इतक्या दूरचा आवाज यावयास थोडा विलंब लागतो खरा. पण तो विलंब तसा नव्हता. मग त्याने आडनाव सांगितले आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "काका, चार वर्षे मी त्याच्या हातचे जेवलो. येथे मला ते कोणी विचारले नाही."

मी सदतीस वर्षे शाळामास्तर होतो. 'गुणाः पूजास्थानम्' अशा अर्थाची वचने मी शेकडो मुलांकडून फळ्यावर लिहवून घेतली. आणि एका विद्वान मुलाविषयी माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो हा! बंधू काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. मातोश्री जपमाळ ओढीत होत्या. त्यांना ऐकू आले की नाही, ते मला कळले नाही.

पुतण्याने मात्र विषय पालटून एक काम सांगितले. निघण्याच्या आदल्या दिवशी तेथील स्नेहीमंडळी या दोघांस निरोप देणार होती, आणि त्या वेळी आपला जिल्हा चित्ररूपाने दाखवावा असे दोघांच्या मनात होते. "तुम्ही दोन गावांची छायाचित्रे काढून पाठवा. मला मुर्डीची हवीत, त्याला आंबडव्याची." मुर्डी कशाकरिता, हे मी लगेच ओळखले. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे ते जन्मग्राम, आणि तेही आपल्या परदेशवासात काही काळ याच ग्योटिंगेनास शिकले होते. आंबडवे हे डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव. दोन्ही गावे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

रत्नागिरीहून दापोलीस जाण्यास चिपळूण-खेडवरून जाणारा राजमार्ग आहे. परंतु मला घाई नव्हती आणि मनास थोडा वारा लागणे अवश्य होते. म्हणून मी किनाऱ्याची वाट धरली. जयगडास शास्त्री नदीच्या मुखाशी फेरीबोटीत बसावे, पलीकडे तवसाळास उतरून हेदवी-गुहागर करीत धोपाव्यास यावे, आणि तेथे पुन्हा बोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळास लागावे. मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या कलमांची रोपे, लग्नाचे बस्ते आणि माणसे हे सर्व एकाच सपाट पाटावर घेऊन ती बोट मंदपणे पाणी कापीत जाते. कठड्याशी उभा राहून मी समुद्राकडे पाहात होतो, आणि माझ्या मनात एक जुना शब्द घोळत होता : समावर्तन.

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी मुंजीनंतर सोडमुंज झाली असेल. ते समावर्तनाचेच उरलेले रूप. आज ते अर्ध्या घटकेत उरकते. पण मूळचा अर्थ फार मोठा आहे. बारा वर्षे किंवा अधिक गुरुगृही राहिलेला ब्रह्मचारी विद्या पुरी करतो, गुरूस दक्षिणा देऊन त्याची अनुज्ञा घेतो, मेखला आणि दंड यांचा त्याग करतो, स्नान करतो आणि नवी वस्त्रे लेवून घराकडे वळतो. त्या स्नानावरूनच त्यास 'स्नातक' म्हणतात; आजच्या पदवीधरास आपण तोच शब्द लावतो. आचार्य निरोप देताना जो उपदेश करतात तो तैत्तिरीय उपनिषदात आहे आणि कित्येक विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत तो आजही म्हटला जातो.

परंतु या संस्काराची एक दुसरी बाजू आहे, ती आपण सोयीस्करपणे विसरलो आहो. आश्वलायन गृह्यसूत्रात मधुपर्क कोणास द्यावा हे सांगितले आहे. ऋत्विज, राजा, आचार्य, सासरा, चुलता, मामा यांच्या जोडीने तेथे घरी आलेल्या स्नातकाचा स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे विद्या घेऊन आलेल्या तरुणास आसन द्यावयाचे, पाय धुण्यास पाणी द्यावयाचे आणि दह्यात मध घालून तो त्याच्या हाती द्यावयाचा. मनूने तर वाटेत राजा आणि स्नातक समोरासमोर आले असता राजाने वाट द्यावी असे म्हटले आहे. तात्पर्य, समावर्तन हे एकट्या विद्यार्थ्याचे कर्म नव्हे. निघणे त्याच्याकडे, स्वीकारणे आपल्याकडे. सूत्रकार मोठा व्यवहारी होता. मध न मिळाल्यास तूप घ्यावे अशी सवलत त्याने ठेवली आहे. पण आदर न मिळाल्यास त्याऐवजी काय घ्यावे, हे मात्र त्याने कोठे सांगितलेले नाही.

दापोलीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुर्डीस गेलो. आसूदचा उतार उतरताना दोहो बाजूंस पोफळींची दाट राई लागते, हर्णैस सुवर्णदुर्ग समुद्रात बसलेला दिसतो, आणि खाडीवरील पूल ओलांडला की आंजर्ले. त्याच्या शेजारी मुर्डी. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या मधून चढत जाणारी पाखाडी, नारळी-पोफळींची आगरे, आगरातून खळखळणारे पाटाचे पाणी, आणि या सर्वांवर सकाळची अशी काही शांतता, की आपण बोललो तर कोणाची तरी संथा मोडेल असे वाटावे. या गावी १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथरावांचा जन्म झाला. त्यांचे आतेमामे नात्यातले वडील बंधू धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी अण्णासाहेब, यांनी त्यांस मुंबईस आपल्या घरी ठेवून शिकविले. नंतर फर्ग्युसन कॉलेज, नंतर सरकारी शिष्यवृत्ती आणि १८९६ साली केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज. १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर त्यांस पहिले स्थान मिळाले. सीनिअर रँग्लर होणारा हा पहिला हिंदी मनुष्य.

येथवरची कथा पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक आहे. मला त्या पाखाडीवर बसून विचार करावासा वाटला तो पुढच्या दोन वर्षांचा. पॅरिस आणि ग्योटिंगेन पाहून झाले होते. १९०१ साली सेंट जॉन्सचे फेलोपद मिळाले होते. ग्योटिंगेनास त्या काळी क्लाइन आणि हिल्बर्ट यांच्यासारखे गणिती शिकवीत होते. आमच्यासारख्या संस्कृतवाल्यांस अधिक जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुष्कळ वर्षे काढून पतंजलीचे महाभाष्य शोधून छापणारे कीलहॉर्नसाहेबही तेव्हा तेथेच अध्यापक होते. पंचवीस वर्षांच्या तरुणास याहून सुखाचे स्थान कोणते? राहता आले असते. सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या पगाराची जागाही मिळू शकली असती. परंतु विलायतेस जाण्यापूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीस त्यांनी शब्द दिला होता. आजीव सभासदाच्या तुटपुंज्या वेतनावर काम करावयाचे, हा तो शब्द. तो त्यांनी पाळला. १९०२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत त्या पदावर राहिले.

म्हणजे परांजपे यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनापुढे एकच प्रश्न होता : दिलेला शब्द पाळावा की नाही? 'मला कोणी दारात उभे करील की नाही?' हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तसा समुद्रप्रवास हाही आमच्या शास्त्रात दोषच होता. बौधायनाने पतनीय कर्मांच्या यादीत त्यास अग्रस्थान दिले आहे. १८९० च्या सुमारास पुण्यात मिशनऱ्यांच्या घरी घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात कसे ओढले गेले, हे प्रसिद्धच आहे. परंतु १९०१ पर्यंत ती कडी पुष्कळ सैल झाली होती, आणि दोष मानला तरी त्यावर प्रायश्चित्त सांगितलेले होते. पंचगव्याने का होईना, दार उघडण्याची किल्ली होती.

परतताना मी मुद्दाम मुरुडास थांबलो. दुर्गादेवीचे दर्शन घेतले आणि समुद्रावर घटकाभर बसलो. अण्णासाहेब कर्वे याच गावी वाढले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, आणि नंतर ते सपत्नीक गावी आले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या भावाने रँग्लर घडविला, त्यास स्वतःच्या मातेच्या घरी राहता येईना. त्याच अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि आज मुरुडात त्यांचे नाव अभिमानाने सांगतात. घरे दारे उघडतात हे खरे. पण उघडण्यास किती वर्षे लावतात, आणि तोवर दाराबाहेरच्या माणसाचे काय होते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

तिसऱ्या दिवशी आंबडव्याची वाट धरली. दापोलीचा मूळ भाग म्हणजे इंग्रजांच्या लष्कराची छावणी. अजूनही जुने लोक तीस कॅम्प म्हणतात. महार पलटणींतील पुष्कळ निवृत्त शिपाई येथे घरे करून राहत. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही वर्षे येथे राहिले, आणि धाकट्या भीमाच्या बालपणाचा काही काळ या सुरूच्या झाडांखाली गेला. दापोलीपासून जवळच वणंद. भीमरावांच्या पत्नी रमाबाई या गावच्या. तेथे त्यांचे स्मारक आहे. मी तेथे पाच मिनिटे थांबलो. परांजपे यांचे मुर्डी आणि रमाबाईंचे वणंद ही दोन्ही गावे एकाच दापोली तालुक्यात आहेत. दोन्ही ठिकाणी तोच जांभा, तोच मोहोर, तेच पाटाचे पाणी. मात्र त्या पाटाचे पाणी कोणी कोठे भरावयाचे, हे माणसाने ठरविले होते.

आता भीमरावांचे शेवटचे दिवस पाहा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता. म्हणजे शब्द त्यांनीही दिला होता. १९१५ साली एम. ए., पुढच्या वर्षी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील प्रसिद्ध निबंध आणि डॉक्टरेटचा प्रबंध. १९१६ साली ते लंडनला आले, अर्थशास्त्राच्या शाळेत नाव घातले आणि ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसही नाव नोंदविले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. महायुद्ध ऐन भरात होते. अभ्यास अर्धा टाकून निघणे प्राप्त झाले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करता येईल, एवढी परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. निरोपाच्या दिवसांत मनुष्य सामान बांधतो. त्यांनी परत येण्याचा हक्क बांधून घेतला.

लंडनहून आगगाडीने मार्सेय आणि तेथून 'कैसर-ए-हिंद' बोटीने ते निघाले. पोटास चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ आणि सामान दुसऱ्या बोटीने धाडले होते. त्या बोटीवर जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला आणि ते सर्व समुद्राच्या तळाशी गेले. पुतण्याच्या पेटीतली दोन पुस्तके काट्यावर जास्त भरतात म्हणून मला हळहळ वाटली होती, ती येथे आठवली आणि मी वरमलो. १९१७ च्या ऑगस्टात भीमराव मुंबईस उतरले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, त्यातून बडोद्यास जाण्याचा खर्च भागला.

बडोद्यास काय घडले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पाच वर्षे अमेरिकेत आणि इंग्लंडात राहून आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसली गेली होती; बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती जागी झाली. राहावयाचे कोठे? कोणी हिंदू जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, वरच्या मजल्यावरील अडगळीच्या ओसाड दालनात त्यांनी मुक्काम केला. दिवसा कचेरी आणि रात्री मंद दिव्याच्या उजेडात वाचन, सोबतीला वटवाघळे. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेले. दोन स्नेह्यांची दारे त्यांनी ठोठावली. एकाने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्यास पत्नीच्या सोवळ्याची अडचण होती. रात्रीच्या गाडीस अवकाश होता. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेला तो पंडित, संस्थानचा अधिकारी, एका सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्री मुंबईच्या गाडीत चढला. राजाने ज्यास वाट द्यावी असा स्नातक तो हाच!

आणि गोष्ट अशी, की राजाने खरोखरच वाट दिली होती. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. वाट अडविली ती त्यांच्या प्रजेने, म्हणजे तुम्हां-आम्हांसारख्या घरांनी. त्या दोन स्नेह्यांच्या सबबी मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिल्या. 'माझे काही म्हणणे नाही हो, पण घरात...' हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. बहुधा उच्चारलेही आहे. त्या वाक्यात बोलणारा स्वतः कधीच दोषी नसतो.

भीमराव खचले नाहीत. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, सोडलेला अभ्यास पुरा केला आणि १९२३ पर्यंत डी. एस्‌सी. व बॅरिस्टर या पदव्या मिळविल्या. स्नातकास मान देणारी वचने ज्या स्मृतीत आहेत, त्याच स्मृतीत शूद्रास ज्ञानापासून दूर ठेवणारी वचनेही आहेत. १९२७ च्या डिसेंबरात महाडास ती जाळण्यात आली, तेव्हा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. ज्यांनी मनुस्मृती आदराने अभ्यासली अशांपैकी मी एक आहे, आणि तरुणपणी या प्रसंगाविषयी मी संतापाने बोलत असे. आंबडव्याच्या वाटेवर मला वाटले, की बडोद्यास त्या सायंकाळी एक जरी दार उघडले असते, तर त्या ग्रंथाच्या वतीने बोलण्यास आपल्यापाशी काही उरले असते.

आंबडवे डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव आहे. आता तेथे स्मारक आहे. २०२२ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन गेले. मी छायाचित्रे काढू लागलो तेव्हा एक म्हातारी बाई घरातून बाहेर आली. कोठून आलात म्हणून विचारले. मी रत्नागिरी सांगितले. "उन्हाचे आलात, पाणी घ्या," म्हणून तिने तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो. तिने माझे आडनाव विचारले नाही.

घरी परतलो तो तिन्हीसांजा झाल्या होत्या. छायाचित्रे पुतण्याकडे रवाना केली. रात्री त्यास मीच बोलाविले आणि प्रथम जे बोलावयाचे ते बोललो : "परवा मी एक प्रश्न विचारला, तो विचारावयास नको होता. तुझ्या मित्रास माझ्या वतीने सांग, की घर त्याचे आहे." तो म्हणाला, "त्याने काही मनावर घेतले नाही, काका. त्याला सवय आहे." या उत्तराने माझे समाधान व्हावयास हवे होते, पण त्यातला शेवटचा शब्द मला अद्यापि टोचतो. अपराध क्षमा होणे वेगळे, आणि समोरच्यास त्याची सवय झालेली असणे वेगळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मातोश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोकमे निवडीत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. आम्हां भावंडांस सोवळ्यात वाढविलेल्या, चातुर्मासाचे नेम अजून पाळणाऱ्या. त्यांच्याशी हा विषय कसा काढावा याची मी मनात जुळवाजुळव करीत होतो. आश्वलायनाचा आधार द्यावा की मनूचा, असाही विचार चालला होता. एवढ्यात त्या मान वर न करता म्हणाल्या, "तो दुसरा मुलगा येणार आहे ना, त्याला सोलकढी तिखट चालते की बेताची, ते विचारून ठेव. आणि माजघरातली मोठी गादी उन्हात घाल. दोघांचे पाय लांब असतील."

सूत्रांचा आधार लागला नाही.

फाल्गुन शुद्ध पक्षात एका पहाटे कोकण रेल्वेच्या गाडीने ते दोघे स्टेशनावर उतरले. चार पेट्या, दोन थकलेले चेहरे. आधी माझ्या पुतण्याने मला नमस्कार केला, मग त्याच्या मित्राने. घरी आल्यावर त्या मुलाने उंबऱ्याशी पायताणे काढली आणि तो बाहेरच किंचित थबकला. क्षणभरच, कदाचित नवख्या घरी कोणीही थबकतो तसाच. परंतु मला तो क्षण फार मोठा वाटला. त्यात बडोद्याची ती सायंकाळ होती आणि मुरुडचा तो बहिष्कार होता. मातोश्रींनी आतून हाक मारली, "अरे, बाहेर का उभे? आत या दोघेही, आधी पाय धुवा." आणि दोन वाट्यांत दही-साखर त्यांच्यापुढे आली. मध घरात नव्हता.